क्लच कुठं धरते

आमच्या शेडमधली अँबेसेडर तेव्हा तोंड उघडं टाकून उभी होती. बॉनेट काढलेलं, पुढची जाळी काढलेली, आत नुसती पोकळी. कवळी पाण्यात ठेवून झोपलेल्या माणसासारखी दिसायची. तिचं इंजिन शेजारी लाकडी ओंडक्यांवर, गिअरबॉक्स भिंतीशी, आणि दोन्हींवर माझ्या जुन्या चादरी. घरी येणारा प्रत्येक जण आधी शेडकडे बघायचा आणि मग मला विचारायचा, गाडीला काय झालं. मी सांगायचे, काही नाही, मालकाची आणि तिची तब्येत एकदमच बिघडली.

खरं तेच होतं. गाडी धूर ओकायला लागली म्हणून ह्यांनी आणि ह्यांच्या मिस्त्री दोस्ताने मिळून इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेर काढले होते. दोस्ताने इंजिन उघडलं, आतलं झिजलेलं बदललं, पुन्हा बंद करून दिलं. दसऱ्याच्या आत बसवून टाकू म्हणाला, आणि दसऱ्याच्या आतच तो गेला. छातीत कळ आली, एवढंच. त्याच सुमारास ह्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलायला लागला, जसं काही कोणी न दिसणारा माणूस ह्यांच्याकडून तंबाखू मळून घेतोय. मी त्याला हसले होते. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला तेव्हा हसू थांबलं.

हे तहसीलमध्ये कारकून होते. दिवसभर लोकांची वाकडी अक्षरं सरळ करायची आणि संध्याकाळी गाडीखाली शिरायचं, असा नोकरीभर शिरस्ता. ती गाडी आमच्याकडे आली तेव्हा मी कशी होते तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर आजीबाई जन्मापासूनच शहाण्या होत्या असं नातवंडांना वाटतं. जिनिंगवाल्या शेठने नवीन गाडी घेतली आणि जुनी ह्यांना दिली. मी सोनाळ्याची, शेतकऱ्याची लेक. बैलगाडीतून सासरी आलेली बाई मोटारीतून माहेरी निघाली, तेव्हा माझा रुबाब काय विचारता! काळा चष्मा लावला, पावडर थापली आणि काच चिखलीपासून सोनाळ्यापर्यंत खाली ठेवली, तीही वैशाखात. वाटेतल्या लोकांना मी दिसले नाही तर गाडी घेऊन उपयोग काय? रस्ता अर्धा कच्चा होता. सोनाळ्यात उतरले तेव्हा चष्म्याची जागा सोडली तर बाकी सगळी बाई मातीची झाली होती. आईने मला ओळखलं, पण जरा वेळ लागला.

मग मला चालवायला शिकायची हौस आली. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत हे मला घेऊन गेले, शेजारी बसले. म्हणाले, क्लच एकदम सोडू नको, हळूहळू सोड, तो धरते तिथं थांब. मी विचारलं, काय धरते? ते सांगायच्या आत मी पाय उचलला होता. गाडी उडाली आणि कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीत शिरली. मी खाली उतरून गाडीला बोलले, ह्यांना बोलले, धावत आलेल्या कडब्याच्या मालकालासुद्धा बोलले की गंजी इथंच काऊन रचली. त्या दिवशी मी जाहीर केलं की ही गाडी बाईमाणसाचा दुस्वास करते. पुढची सारी वर्षं डावीकडच्या सीटवर बसून मी ह्यांना गाडी चालवायला शिकवलं.

दोस्त गेल्यावर काम ह्यांच्या एकट्यावर आलं. गिअरबॉक्स इंजिनाला जमिनीवरच जोडायचा आणि दोन्ही एकत्र गाडीत उतरवायचे, असं दोघांचं ठरलेलं होतं. ह्या दोन्हींच्या मध्ये क्लचची प्लेट असते, भाकरीएवढी. ती नेमकी मधोमध बसवून तिच्यावरचं झाकण आवळायचं. जरा जरी सरकली तरी गिअरबॉक्सचा दांडा तिच्या भोकातून जात नाही. गाडीखाली उताणं पडून हे करणं अवघड, जमिनीवर डोळ्यांसमोर सोपं. सोपं म्हणजे, ज्याचे हात थरथरत नाहीत त्याला.

सकाळची गोळी घेतली की काही वेळाने ह्यांचे हात शांत व्हायचे. थोडाच वेळ. तेवढ्यात हे दाढी करून घ्यायचे, शर्टाची बटणं लावून घ्यायचे, बँकेची सही असली तर ती करून ठेवायचे. मग एका सकाळी दाढी तशीच ठेवून शेडमध्ये गेले. दुसऱ्या दिवशीही. माझ्या नवऱ्याला पांढरे खुंट वाढले आणि मला वाटलं, आजाराने मन पण धरलं.

त्याच दिवसांत माझी रवी हरवली. ताक करायला बसले तर दांडा नसलेलं नुसतं खालचं फूल हाताला लागलं. मी तरातरा शेडमध्ये भांडायला गेले आणि दारातच थांबले. प्लेट मधोमध धरून ठेवायला भोकात घालायची खुंटी लागते. ती ह्यांनी माझ्या रवीच्या दांड्यातून तासली होती. ती प्लेटमधून आत घालून, डोळे मिटून, हे बोटांनीच प्लेटची कड चाचपत होते, चहूकडून अंतर सारखं आहे का ते. बोटं हलत नव्हती. लग्नातल्या अंतरपाटापलीकडे दिसली होती तशी बोटं. मी भांडण घेऊन परत आले आणि ताक पळीने घुसळलं.

झाकण आवळून झालं त्या सकाळी ह्यांनी मला हाक मारली. फळीला साबण चोळून तिच्यावरून गिअरबॉक्स आम्ही दोघांनी सरकवला. मी ढकलत होते, हे दांडा कणाकणाने फिरवत होते. अडला, पुन्हा अडला, आणि मग सुळकन आत गेला. बोल्ट घट्ट झाले आणि हे तिथंच जमिनीवर बसले.

"बसलं पाह्य," म्हणाले.

गोळीचा जोर उतरला तरी उठले नाहीत. हात गिअरबॉक्सवर होता आणि हातातला पाना त्या लोखंडावर टकटक वाजायला लागला. तो आवाज ऐकत आम्ही दोघं बसलो. त्यानंतर तसं बारीक काम ह्यांच्या हातून पुन्हा झालं नाही. गोळीचा शांत वेळ आखूडच होत गेला. दाढीसुद्धा मी करायला लागले. ते शेवटचं होतं हे दोघांनाही माहीत होतं.

जोडी गाडीत उतरवायची राहिली होती. चिखलीतले गॅरेजवाले येऊन बघून गेले. प्रत्येकाचं एकच: डबा सोडवू, आधी इंजिन बसवू, मग खालून डबा लावू. गिअरबॉक्सला ते डबा म्हणतात. हे मान डोलवायचे, त्यांना चहा पाजायचे आणि परत पाठवायचे. चादरी पुन्हा लोखंडावर. असं बरेच महिने चाललं. शेवटी मीच बोअरवाल्याला बोलावलं. शेताशेतांतून फिरून बोअरमध्ये अडकलेल्या मोटारी काढणारा माणूस. त्याच्याकडे तीन पायांची लोखंडी घोडी असते आणि वजन उचलायची चेन कुप्पी. बरोबर त्याचा मेहुणा होता, दांडगा गडी. त्यांना गॅरेजचं काही शिकवलेलं नव्हतं म्हणून मला ते पसंत पडले. सांगू तसं करतील, असं वाटलं.

गाडी अंगणात ढकलली, घोडी तिच्या तोंडावर उभी केली. हे खुर्चीवर बसले. कंपवाताने ह्यांचा आवाजही बारीक केला होता, साखळीच्या खडखडाटात पलीकडे जायचा नाही. म्हणून मी खुर्चीशेजारी उभी राहिले, भोंगा म्हणून. हे म्हणायचे, हळू. मी ओरडायचे, हळू म्हणतात, तुमच्या सासऱ्याच्या बोअरमधली मोटार नाही ती. मेहुणा बिचारा ह्यांच्याकडे चमकून बघायचा. इतका गरीब दिसणारा म्हातारा आपल्या बापापर्यंत जातो, हे त्याला पटत नव्हतं. ह्यांच्या ओठाचा एक कोपरा तेवढा हलायचा. ह्या आजारात चेहरा हसत नाही, पण मला तेवढा कोपरा पुरायचा.

जोडी तिरपी झाली की गिअरबॉक्सच्या शेपटातून ऑईल गळतं, म्हणून तिथलं तोंड बांधायचं होतं. ह्यांनी स्वतः बांधायला प्लास्टिकची पिशवी हातात घेतली, ती पडली. पुन्हा घेतली, पुन्हा पडली. मी ती उचलली आणि वरून फडकं घालून, लोणच्याच्या बरणीला बांधतात तसा दादरा बांधला. वर्षभराचं लोणचं राखणारी गाठ ती. ऑईलची काय बिशाद.

इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र उतरवायचे तर शेपूट खाली आणि तोंड वर, असे तिरपेच न्यावे लागतात. शेपूट आधी सीटांच्या मधल्या बोगद्यात शिरतं, मग बाकीचं हळूहळू सरळ होत जागेवर बसतं. मी ते बोअरवाल्याला समजावलं. तो "हाव काकाजी" म्हणाला. पण ज्याचा जन्म उभ्या भोकात सरळ पाइप सोडण्यात गेला, त्याच्या हाताला तिरपं कसं सोसेल? बोअरमध्ये मोटार जरा तिरकी झाली की अडकली, आणि अडकली की एखाद्याचं पाणी गेलं. त्यामुळे जोडी तिरपी लटकली रे लटकली की मेहुणा शेपटाखाली हात घालून ती सपाट करायचा, अगदी मायेने, झोपलेल्या लेकराची मान सरळ करावी तशी. सपाट जोडी गाडीच्या तोंडात मावत नव्हती. वर घ्यायची, तिरपी करायची, खाली सोडायची, आणि मेहुण्याचा हात पुन्हा शेपटाखाली. आपण असं करतोय हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. इंजिनाची खालची टाकी गाडीच्या आडव्या पट्टीवर आपटली तसे ह्यांनी डोळे मिटले.

बोअरवाल्याने घाम पुसला. काकाजी, म्हणाला, हे जोड सोडून टाकू. डबा इकडं, इंजिन तिकडं, मंग लगेच बसते. आणि मेहुण्याने पाना उचललासुद्धा.

मी खुर्चीकडे बघितलं. गोळी उतरत होती. आधी अंगठा, मग मनगट, मग खुर्चीचा हात. ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. ह्यांना नको म्हणायचं होतं, की करा बाबांनो काय करायचं ते, असं म्हणायचं होतं, मला आजही माहीत नाही. भोंग्याने स्वतःच्या मनाचं बोलायचं नसतं.

"हे म्हणतात," मी म्हटलं, "ते सोडायचं नाही. ते ह्यायच्या हातानं बसवलेलं हाय. सुटलं तं पुन्हा बसवणारा हात राह्यला नाही."

ओरडून सांगायचं ठरवलं होतं, पण आवाज तसा निघाला नाही. मेहुण्याने पाना खाली ठेवला. ह्यांनी मान माझ्याकडे वळवली. तेवढ्यालाही त्यांना वेळ लागायचा.

"मी असं म्हटलं काय व?"

"हाव," मी म्हटलं. "तुमाले ऐकू नाही आलं."

ह्यांनी थरथरतं बोट वर करून साखळीचा आकडा दाखवला आणि बोटानेच पुढे सरकवायची खूण केली. आकडा एक कडी पुढे घेतला की शेपूट आपल्याच वजनाने खाली झुकणार होतं, कुणी धरायची गरज नव्हती. मी ते बोअरवाल्याला सांगितलं. आणि मेहुण्याच्या दोन्ही हातांत चहाचा ट्रे दिला, काठोकाठ भरलेल्या कपांचा. सांडला तर बघ म्हटलं.

जोडी तिरपी खाली आली. शेपूट बोगद्यात शिरलं. मेहुण्याचे खांदे पुढे झुकत होते, पण ट्रे हलला नाही. मग तोंड खाली आलं आणि इंजिनाचे दोन्ही कान आपापल्या रबरांवर टेकले. साखळी सैल पडली.

आता शेपटाचा दादरा सोडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा जोडायचा होता. बोअरवाला खाली शिरला, पण माझी गाठ त्याला सुटेना. कापतो म्हणाला. मी कापू दिली नाही. गोणपाट टाकून त्याच्यावर उताणी पडले आणि सरकत गेले गाडीखाली. इतक्या वर्षांत ह्यांचे फक्त पाय मला ह्या गाडीखालून दिसायचे आणि मी त्या पायांशी भांडायचे, की जेवण निवतंय. आता माझे पाय बाहेर होते. आत ग्रीसचा वास होता, ह्यांच्या सगळ्या जुन्या शर्टांना यायचा तो. मी जरा वेळ लावला. बाहेरून बोअरवाला विचारत होता, काकू, गाठ नाही सुटून राह्यली काय? लय पक्की बसली, मी म्हटलं. गाठ केव्हाच सुटली होती.

पुढचं पाणी, वायरी वगैरे एका गॅरेजवाल्याने येऊन जोडलं. गाडी चालू झाली. धूर नाही, काही नाही. हे स्टिअरिंगवर बसले. क्लच दाबला, गिअर टाकला, आणि क्लच सोडताना पाय थरथरला. गाडी उडी मारून बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा तेच. पाय हातांच्या मागोमाग गेला होता आणि आम्ही दोघंही हातांकडेच बघत बसलो होतो. हे दार उघडून उतरले, बॉनेटला धरून धरून पलीकडे गेले आणि डावीकडच्या सीटवर बसले. माझ्या सीटवर.

तिकडं बस, म्हणाले. मी म्हटलं, इथं कडब्याची गंजी नाही. म्हणूनच, म्हणाले.

"हळू सोड. अजून. अजून सोड. आता धरलं पाह्य."

पायाच्या तळव्याला काहीतरी लागलं. आत कोणीतरी हात धरावा तसं. गाडी किंचित थरारली आणि गपचूप पुढे निघाली. काय धरते, असं तरुणपणी विचारलं होतं त्याचं उत्तर मिळायला म्हातारपण यावं लागलं. आणि जे धरत होतं ते माझ्या रवीच्या दांड्याने, मिटल्या डोळ्यांनी ह्यांनी बसवलेलं होतं. मी रडले, पण गाडी चालवत होते म्हणून समोर बघून रडले.

मग आम्ही रोज सकाळी मेहकरच्या रस्त्याने पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, वावरांपर्यंत जाऊन यायला लागलो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच. मागून ट्रॅक्टर हॉर्न वाजवून पुढे निघून जायचे. बंद पडेल ह्या भीतीने माझा पाय सारखा क्लचवर टेकलेला. हे सांगायचे, पाय काढ व, प्लेट जळते. मी काढायचे आणि पुन्हा ठेवायचे. पुढे त्यांनी सांगायचं सोडलं. परत आलो की फक्त विचारायचे, क्लच कुठं धरते? मधात, मी सांगायचे. काही महिन्यांनी सांगायचे, जरा वर. प्लेट झिजली की क्लच वरवर धरायला लागतो, हे मला तोवर कळलं होतं. ह्यांना तर आधीपासून ठाऊक होतं.

थंडीत ह्यांना गिळणं जड जायला लागलं. गाडीत बसवणं थांबलं. तरी सकाळी, मला ढोसून, जाऊन ये म्हणायचे. मी एकटीच त्या वावरांपर्यंत जायचे आणि यायचे. आवाज इतका खाली गेला होता की कान तोंडाला लावावा लागायचा. नंतर नुसते बघायचे. मग मीच आधी सांगायचे, "बराच वर गेला. पण धरते अजून." होळीच्या आधी हे गेले. त्या सकाळी मी गाडी काढली नव्हती.

मी चालवत राहिले. मुलीने नको म्हटलं, शेजारणींनी नको म्हटलं, म्हातारपणी हे काय खूळ. प्लेट वापरली की झिजते आणि न वापरता ठेवली तर गंजून चिकटते, असं गॅरेजवाल्याने सांगितलं होतं. मला झिजवणं पटलं. मग यंदा, चढाला, इंजिन जोरात ओरडलं आणि गाडी जागची हलेना. जळकट वास आला. प्लेट संपली काकू, गॅरेजवाला म्हणाला. इंजिन नि डबा दोन्ही काढावे लागतील.

काढा म्हटलं. मी तिथं उभी राहिले. जोड सुटला, झाकण सुटलं, प्लेट बाहेर आली. काळी, गुळगुळीत. मी विचारलं, मधोमध होती का? त्याला प्रश्नच कळला नाही. आता काय कळते, म्हणाला, एकदा दांडा शिरला का ते मधातच राह्यते. त्याने ती भंगाराच्या ढिगावर टाकली आणि मग, माझ्याकडे बघून, घरी नेता काय विचारलं. नको म्हटलं. नेऊन काय करणार होते? दह्याच्या पातेल्यावर झाकण ठेवणार होते? रिक्षा चौकापर्यंत आली तेव्हा मला ती परत वळवावीशी वाटली. वळवली नाही.

नवी प्लेट गॅरेजवाल्याने त्याच्या खुंटीने बसवली, बोलता बोलता. नीट बसवली आहे. ती अगदी खालीच धरते, पाय जरा सुटला की लगेच. ह्यांची शेवटी शेवटी पाय पूर्ण वर आल्यावर धरायची. माझ्या पायाला तीच जागा ठाऊक आहे. रोज सकाळी मी त्या जागेची वाट बघत पाय सोडते, आणि गाडी त्याआधीच उडी मारून बंद पडते. नातवंडं हसतात, आजीला येत नाही म्हणतात. मीही हसते. मग चालू करते, पुन्हा.